नळीवरून हात फिरवू नये

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा मी चौथीत होते.

नागपुरात लकडगंजच्या मागच्या बाजूला रद्दीचं एक मोठं गोदाम होतं. बाजारातल्या दुकानांचे रिकामे खोके तिथे उतरायचे. ते मशीनमध्ये घालून दाबायचे, तारेने आवळून चौकोनी गठ्ठे करायचे आणि ट्रक भरून कागदाच्या कारखान्याला पाठवायचे. ते दाबायचं मशीन म्हणजे प्रेस. ती तेलाच्या दाबावर चालायची, म्हणजे हायड्रॉलिक. बाबा ती प्रेस चालवायचे. शिक्षण सातवी. मशीन त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आधीच्या माणसाचं बघून बघून ते शिकले. आधीचा माणूस तेल कुठून गळतं ते नळीवरून हात फिरवून शोधायचा, म्हणून बाबाही हात फिरवूनच शोधायचे. तेही मशीन चालू ठेवून, कारण बंद केलं की गळणंही बंद.

त्या दिवशी ते घरी आले आणि हात धुवायला मोरीवर गेले. आईने बघितलं.

"काय झालं बोटाले?"

"काई नाई वं. तार रुतली बारीकशी."

रक्त नव्हतं. सुई टोचल्यावर दिसतो तेवढा एक ठिपका. आईने हळद भरून चिंधी बांधली. जेवताना बाबा म्हणाले, बोट मुकं झाल्यासारखं वाटून राहिलं. दुसऱ्या दिवशी बोट फुगलं, तरी ते कामावर गेले. मग गल्लीतल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग तळहातही फुगला, रंग बदलला, आणि तेव्हा कुठे आम्ही धंतोलीच्या दवाखान्यात पोचलो. सगळा विदर्भ ज्या गल्ल्यांत उपचाराला येतो तिथे आम्ही, नागपुरातच राहणारे, सगळ्यात शेवटी गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं होतं? बाबा म्हणाले, तार. डॉक्टर चिडले, इतका उशीर का केलात म्हणाले. त्यांनी दोन बोटं काढली. अंगठा राहिला, पण तो वाकेना.

गोदामाचा सेठ वाईट नव्हता. त्याने बाबांना गेटवर बसवलं. गेटवरच्या माणसाला प्रेसवरच्या माणसाचा पगार मिळत नाही, हे काही वेगळं सांगायला नको. त्याच दवाखान्यातल्या सिस्टरने आईला विचारलं, आयाचं काम करशील का? आई दुसऱ्याच आठवड्यापासून जाऊ लागली. सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला. माझ्या पोळ्या कशा व्हायच्या ते विचारू नका. बाबा त्या न बोलता खायचे, डाव्या हाताने. शर्टाची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागायचा आणि कोणी मदतीला गेलं तर चिडायचे.

नात्यातल्या एका लग्नात पंगतीला कोणीतरी त्यांना चिडवलं, "काहून गा, डावखुरा झाला का?"

"हाव," बाबा म्हणाले. "उजव्याले सुट्टी देली."

सगळे हसले. तेही हसले. घरी येताना मात्र सायकल ढकलतच आणली, बसले नाहीत. एका हाताने ब्रेक दाबायची भीती वाटत होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

हे मी कोणाची कीव मिळवायला लिहीत नाही. आमच्यासारखी घरं नागपुरात खूप होती आणि आहेत. आम्ही उपाशी राहिलो नाही. पण घरातला कमावता हात जातो म्हणजे काय होतं ते मी रोज जेवताना बघितलं, एवढंच सांगायचं आहे.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागे अभ्यासिका होती. तिथे ट्यूबलाइट होती, पंखा होता आणि गप्पा मारणाऱ्याला बाहेर काढणारे एक काका होते. मी तिथे बसून बारावी केली. मशीनची आवड बाबांमुळे लागली. शाळा सुटली की मी गोदामाच्या गेटवर त्यांचा डबा न्यायचे, आणि ते तिथून बोट दाखवून सांगायचे, तो पंप, ती टाकी, तो दांडा तेलानं पुढे सरकते. स्वतः आता त्या प्रेसला हात लावत नव्हते, पण तिचा आवाज बदलला की गेटवर बसल्या बसल्या मान वर करायचे. मला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा गोदामात पेढे त्यांनीच वाटले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. डिग्री हातात आली तेव्हा आईने ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, त्या पिशवीवर दुसरी पिशवी घातली आणि गादीखाली ठेवली. पाहुणे आले की काढायची. पाहुण्यांना इंग्रजी यायचं नाही, आईलाही नाही, पण सगळे नीट वाचल्यासारखं बघायचे.

जहाजावर जायचं कसं सुचलं? कॉलेजातली एक सिनिअर गेली होती. मेकॅनिकलची पदवी असली की एक वर्षाचं प्रशिक्षण घेऊन जहाजाच्या इंजिनावर काम करता येतं, हे तिच्याकडून कळलं. घरी सांगितलं तेव्हा शेजारच्या काकू येऊन बसल्याच.

"काहून वं, जहाजात पोरगी काय करते? सैपाक?"

आई म्हणाली, "इंजिन चालवते. तुह्या पोराची गाडी किकनं चालू होत नाई, तवा इले बोलवत जा."

काकूंनी चहा घेतला आणि विषय बदलला.

प्रशिक्षण समुद्रकाठच्या एका संस्थेत होतं. मी पहिल्यांदा समुद्र बघितला तोही तिथल्या वर्गाच्या खिडकीतून. शिकवणारे सर जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनिअर होते, हळू बोलायचे. एक दिवस त्यांनी पडद्यावर एका हाताचा फोटो लावला. तर्जनीवर बारीक ठिपका. विचारलं, या माणसाला काय झालंय? कोणी म्हणालं सुई, कोणी म्हणालं काटा.

सर म्हणाले, "याच्या हातात तेल शिरलंय. हायड्रॉलिकच्या नळीला केसाएवढं भोक पडतं. त्यातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत जाते. रक्त येत नाही. सुरुवातीला दुखतही नाही फारसं. माणूस कामाला लागतो. तेल आत पसरत जातं आणि मांस मरत जातं. लगेच शस्त्रक्रिया करून धुऊन काढलं तर हात वाचतो. थांबलं तर जातो."

मी हात वर केला. "सर, त्याला तार रुतल्यासारखं वाटतं का?"

"कोणाला तार वाटते, कोणाला मुंगी चावल्यासारखं वाटतं. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं की गळती शोधायची तर आधी मशीन बंद करायचं, दाब सोडायचा. दाब असतानाच बघावं लागलं तर लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून लांबूनच नळीजवळून फिरवायचा. धार असेल तिथे पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उठते. हात कधीच नाही. हातमोजा घालूनही नाही, कारण ती धार हातमोजा भेदून जाते.

संध्याकाळी मी घरी फोन लावला.

"बाबा, त्या दिवशी तुम्हाले खरंच तार रुतली होती का?"

"काहून वं? आता काय त्याचं?"

"आठवा ना जरा."

"तार त मी तवा बांधतच नव्हतो. नळी पाहून राहिलो होतो. तेल गळत होतं खाली."

"मंग तार कोण म्हटलं?"

"मीच म्हटलं. तिथं दुसरं काय रुतणार?"

मी सगळं सांगितलं. तेल, धार, भोक. ते ऐकत होते, मधे मधे "हं" म्हणत होते. मग मी काठी आणि पुठ्ठ्याचं सांगितलं.

"कायचा तुकडा?"

"पुठ्ठ्याचा."

 

"अवं पोरी," ते म्हणाले, "आख्खं गोदाम पुठ्ठ्याचं होतं."

आणि ते हसायला लागले. मागून आईचा आवाज आला, "काहून हासून राहिले एवढे?" त्यांनी तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी त्या रात्री जेवले नाही, पण ते पुढे कोणाला सांगितलं नाही.

शिकाऊ म्हणून एक जहाज झालं, परीक्षा झाली, आणि मी चौथी इंजिनिअर म्हणून एका मालवाहू जहाजावर चढले. कोळसा, धान्य, खत, असं सुटं सामान वाहणारं जहाज. त्याच्या पोटात मोठमोठे हौद असतात, त्यांना होल्ड म्हणतात, आणि प्रत्येक होल्डवर लोखंडाचं अवजड झाकण असतं. माणसांनी उचलायचा प्रश्नच नाही. ते तेलाच्या दाबावर उघडतं. दाबाचं तेल ज्या रबरी नळ्यांतून जातं त्या डेकवर, उन्हात, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं पडलेल्या असतात. त्यांची देखभाल माझ्याकडे होती.

भारतीय जहाजांवर इंजिनिअरला नंबरावरून हाक मारतात. चीफ इंजिनिअर म्हणजे बडा साब. मी चौथी, म्हणून चार साब. बाई असले तरी साबच. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्या दिवशी सवय झाली.

डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे बोसन. आमचा बोसन रत्नागिरीकडचा होता, पन्नाशीचा, तब्येतीने दणकट. मराठी बोलणारे जहाजावर आम्ही दोघंच. त्यामुळे माझी फिरकी घ्यायचा हक्क त्याने आपल्याकडे घेतला.

"साब, नागपूरला पाणी कुठं हो? बाटलीतच भेटत असेल."

"आमच्याकडे फुटाळा तलाव आहे," मी म्हटलं. "बोटी पण आहेत."

"कसल्या बोटी?"

"पायडलच्या."

तो इतका हसला की हातातला मग ठेवावा लागला. पुढे सहा महिने जहाजावर इंजिन जरा कुरकुरलं की तो मला विचारायचा, पायडल मारू काय साब?

माझं काम साधं होतं पण चिकाटीचं होतं. रोज टाकीतलं तेल किती आहे बघायचं, त्याचा रंग बघायचा. पाणी शिरलं की तेल दुधाळ होतं. गाळण्या साफ करायच्या. नळ्या बघायच्या, कुठे फुगल्या, कुठे लोखंडावर घासल्या, जोडाला ओल आली का. आणि मी आणखी एक केलं. स्वयंपाकघरात सफरचंदाचे खोके यायचे, ते मागून घेतले, लांब पट्ट्या कापल्या, काठ्यांना बांधल्या आणि प्रत्येक झाकण उघडायच्या खटक्यापाशी एकेक काठी दोरीने टांगली. गळती दिसली तर याने बघा, हाताने नको. समुद्राचे तुषार उडून पुठ्ठा विरघळायचा, मग मी नवा बांधायचे.

खलाशी त्याला चार साबची रद्दी म्हणायचे. बोसन विचारायचा, "साब, किलोनं घेता काय?"

"घरचाच धंदा आहे आमचा," मी म्हणायचे. "भाव सांगू?"

त्याला ती थट्टा वाटायची. मी खरंच सांगत होते.

एका बंदराबाहेर आम्ही नांगर टाकून थांबलो होतो. माल भरायच्या आधी रिकामे होल्ड तपासायला किनाऱ्यावरून एक तपासनीस छोट्या लाँचने आला. सकाळची वेळ, समुद्र शांत. बोसन झाकणं उघडत होता. त्यातलं एक झाकण अडखळत वर गेलं. तपासनीस खाली उतरला, बघून वर आला, कागदांवर सह्या करायला कॅप्टनच्या खोलीत गेला. त्याची लाँच जहाजाला लागून थांबली होती.

दहाच्या चहाला मी खलाशांच्या खोलीत गेले. बोसन मग डाव्या हातात धरून पीत होता. उजवा हात मांडीवर, बोटं सरळ.

"हाताला काय झालं?"

"काय नाय हो. त्या झाकणाची नळी गळत होती, बघत होतो. बारीकसं कायतरी टोचलं. हातमोजा होता की."

"काठी होती ना तिथे?"

"रद्दी तुमची भिजून लोंबत होती. ओला पुठ्ठा कोण धरणार? हात होताच ना."

मी हात बघू द्या म्हटलं. तर्जनीच्या खालच्या पेरावर एक ठिपका. रक्त नाही. बोट थोडं पांढरं पडलं होतं. मी जरासं दाबलं तर ठिपक्यावर तेलाचा थेंब आला.

"दुखतं का?"

"नाय. जरा मुकं वाटतं."

तोच शब्द.  त्याला म्हटलं, हात वर धरून बसा, काही खाऊ-पिऊ नका, मी आले.

बडा साब इंजिनरूमच्या वरच्या ऑफिसात होते. चांगले इंजिनिअर, मी त्यांच्याकडून खूप शिकले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "अरे, इतना छोटा निशान है. दवा लगा दो, शाम तक देखते हैं."

मी हिंदीतच सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबलं तर हात जाईल. आणि तपासनिसाची लाँच आत्ता खाली उभी आहे. ती गेली की आज दुसरी येणार नाही.

"तुम डॉक्टर हो क्या?" हे त्यांनी रागाने नाही, खरंच विचारलं.

"नहीं सर. पर मेरे पिताजी का हाथ ऐसे ही गया."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेबलावरची टोपी घेतली आणि माझ्याबरोबर कॅप्टनकडे आले. कॅप्टन कमी बोलणारा माणूस. तपासनीस शेजारीच सह्या करत होता. कॅप्टनने आधी त्याला सांगितलं, तुमची लाँच जरा थांबवा. मग उपग्रहाच्या फोनवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना लावलं. समुद्रावर आजाऱ्यांसाठी असा सल्ला मिळतो. डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. काय टोचलं, केव्हा टोचलं, नळीत दाब होता का? मी उत्तरं दिली. ते म्हणाले, सूज नाही म्हणून फसू नका, आत्ताच्या आत्ता हाताच्या सर्जनकडे पाठवा, आणि तेल कुठलं आहे त्याचा कागद बरोबर द्या.

आता बोसन ऐकेना.

"ठिपक्यासाठी लाँच? पोरं हसतील. आणि एकदा उतरवलं ना साब, तर पुढल्या वेळेला घेतील कशावरून? म्हणतील ह्याचा हात गेलाय."

"नाही उतरलात तर हात जाईलच."

"तुमचं पुस्तकातलं झालं ते."

मी त्याच्या समोर बसले. बाबांचं सांगितलं. गठ्ठे बांधायची प्रेस, नळी, हळद, गल्लीतला डॉक्टर. त्यांनाही मुकंच वाटलं होतं, हे सांगितलं. शर्टाच्या बटणांचं सांगितलं.

तो हाताकडे बघत होता. "मग पुढं काय केलं त्यांनी?"

"गेटवर बसले."

बोसनने बोट वाकवून बघितलं. ते पूर्ण वाकलं नाही. मग एका खलाशाला म्हणाला, "ए, मेरा बॅग भर. और टोपी ला."

लाँच सुटताना तो हात वर धरून बसला होता. पोरांना वाटलं तो निरोप देतोय, त्यांनीही हात हलवले.

मी फिटरला घेऊन त्या झाकणापाशी गेले. पंप बंद केला, खटका पुढे-मागे करून नळीत कोंडलेला दाब सोडला, काटा शून्यावर आला तरी थोडं थांबलो, मगच नळी काढली. नळीवर छान हिरवा रंग होता. डेकवाल्यांच्या हाती ब्रश आला की ते काही सोडत नाहीत. डेक हिरवा, खांब हिरवे, आणि हात फिरलाच आहे तर नळीही हिरवी. जहाज दिसायला झकास दिसतं. बोसनला तर आपल्या रंगकामाचा फार अभिमान होता. फिटरने पातं लावून तो रंग खरवडला. खाली नळी लोखंडाच्या कोनाला घासून घासून झिजलेली, आतली तारेची जाळी गंजलेली, आणि तिथेच भोक. मी ती नळी महिन्याभरात कितीतरी वेळा बघितली होती. दिसणार काय, वरून रंग होता.

बडा साब येऊन ती नळी हातात घेऊन उभे राहिले. "सब का रंग निकालो," एवढंच म्हणाले.

पुढचे काही दिवस आम्ही तेच केलं. सगळ्या नळ्यांचा रंग काढला. ज्या घासल्या होत्या त्या बदलल्या, जिथे घासत होत्या तिथे रबराची पट्टी लावली. नुसत्या पुठ्ठ्याऐवजी मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पुठ्ठा टांगला, वापरायच्या वेळी पिशवी काढायची. भिजलेली वस्तू माणूस हातात धरत नाही, यात बोसनचं काही चुकलं नव्हतं.

त्याची खबर दुसऱ्या दिवशी आली. सर्जनने बोटापासून तळहातापर्यंत उघडून तेल धुऊन काढलं होतं. जखम उघडीच ठेवली होती, पुन्हा धुवायची होती. बोट राहील की नाही, दोन दिवसांनी सांगू म्हणाले. ते दोन दिवस बडा साब मला सकाळी भेटले की आधी विचारायचे, काही कळलं? मीही त्यांना तेच विचारायचे. तिसऱ्या दिवशी कॅप्टनने जेवणाच्या टेबलावर सांगितलं, बोट राहिलं. बडा साबांनी माझ्या ताटात आपल्या वाटचा गुलाबजाम ठेवला.

बोसन तिथूनच घरी गेला. बऱ्याच दिवसांनी त्याचा फोन आला.

"चार साब, पाची बोटं जाग्यावर हायत. एकाचं टोक जरा बधिर लागतं. दोरी धरतो, जेवतो, बायकोला खाडीकडची वाट दाखवतो बोट करून."

"काम?"

"कंपनीच्या डॉक्टरनं बघितलं, फिट दिलं. पुढल्या महिन्यात चढतो. आणि साब, नळीला रंग नाय लावायचा. मी सांगतो आता सगळ्यांना."

करार संपवून मी नागपूरला आले. बाबांना सगळं फोनवर सांगितलं होतं, तरी त्यांना समोर बसून पुन्हा ऐकायचं होतं. आई ड्यूटीवरून नुकतीच आली होती, भिंतीला टेकून पाय चोळत ऐकत होती. मी संपवलं तेव्हा बाबांनी विचारलं,

"कोणतं बोट होतं?"

"अंगठ्याजवळचं."

"माहं बी पहिले तेच होतं. तवा तू असती त..."

"बाबा, मी होते. चौथीत होते."

"हाव ना," ते म्हणाले. "पहाडे पाठ करून राहिली होती तू. मोठ्यानं."

आई म्हणाली, "आमच्या दवाखान्यात बी येते असे. चार दिस गावात काढून येते. आता कोणी म्हटलं ना तार रुतली, त मी पहिले विचारतो, मशीनवर होता का गा? आणि डॉक्टरले जाऊन सांगतो."

"डॉक्टर आईकते का तुह्यं?" बाबांनी विचारलं.

"आईकते. काहून नाई आईकणार? पोरगी इंजिनिअर आहे माही."

त्यानंतर मी आणखी परीक्षा दिल्या. आज मी चीफ इंजिनिअर आहे, म्हणजे मीच बडा साब. ज्या ज्या जहाजांवर मी काम केलं तिथे नळ्यांना रंग लावत नाहीत आणि नळीवरून कोणी हात फिरवत नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे. तो बोसन दोन्ही हातांनी काम करत निवृत्त झाला.